माड कुणी हलवला

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी मुलगी नाही. समुद्रकाठची म्हटलं की लोक डोळे मोठे करून भुताच्या गोष्टी विचारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. आमच्याकडे मासळी सुकते, एसटी उशिरा येते आणि शनिवार-रविवारी पर्यटक कचरा करून जातात. भूत मी तरी पाहिलेलं नाही. त्यामुळे खाली कुणी "शांती करून घ्या" असं लिहिणार असाल तर इथेच थांबा.

काशीद ओलांडून मुरुडकडे जाताना एक लहानशी खाडी लागते, तिथलं आमचं गाव. नाव देत नाही. मी पनवेलच्या बाजूला एका कॉलेजात गेम डिझाईन शिकते, शेवटचं वर्ष. आई शेजारणींना "कॉम्प्युटरचं कायतरी" एवढंच सांगते. काकाने मात्र नीट विचारून घेतलं होतं. म्हणाला, "म्हंजे तू खेल बनवतेस. मग त्यात आपली खाडी घाल की."

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा लवकर गेले, मला वाढवलं ते याने. मला चिमी म्हणणारा जगात तो एकटा माणूस... कॉलेजात हे नाव कुणालाही माहीत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप, म्हणजे खडकाचा पट्टा आहे, भरतीला दिसत नाही. होडी आत आणायची तर किनाऱ्यावरचा एक उंच माड आणि त्यामागची टेकाडावरची पाण्याची टाकी एकामागे एक आणायची. टाकी माडाआड गेली की सरळ आत या. टाकी बाजूला दिसायला लागली की समजा खडप जवळ आलं. गावातले सगळे याच खुणेवर येतात.

तोच माझा फायनल प्रोजेक्ट. खेळणाऱ्याच्या हातात होडी द्यायची — नकाशा नाही, बाण नाही, फक्त काकाचा आवाज. आमच्या सरांना ते पटेना. "कोकण आहे ना? मग हॉरर करा, हॉरर चालतं." दोन महिने मी या एका वाक्याशी भांडले. यांना आमचा समुद्र दिसतच नाही, फक्त हडळ दिसते.

मे महिन्यात काकाच्या बनियनला माईक लावून त्याच्याच होडीत रेकॉर्डिंग केलं. आधी बातम्या वाचल्यासारखा बोलत होता, मग सुटला. शेवटी म्हणाला, "खरी वाट दाखव हां. माझ्या तोंडून कुनाला खडपावर घालू नको."

मी हसले. म्हटलं, "काका, गेम आहे. कोणी मरत नाही त्यात."

तो हसला नाही. "वाट ती वाट," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. नारळी पौर्णिमेच्या आधी, चार दिवसांच्या तापात तो गेला. त्याची होडी अजून माडाच्या विणलेल्या झापांखाली झाकलेली आहे.

आता ज्युरीचा दिवस. दुपारचे साधारण तीन, लॅबमधले सगळे दिवे चालू, प्रोजेक्टरवर आमचा गेम. मी, माझा टीममेट वरुण, सर आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. वरुणकडे देखाव्याचं काम होतं — किनारा, झाडं, पाणी. परीक्षक खेळायला बसले. काका म्हणाला, "माड आन् टाकी एकामागं एक घे." त्यांनी घेतली. होडी खडपावर आपटली. पुन्हा खेळले, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटल्यावर ते खुर्चीत मागे रेलून हसले. "तुमचा म्हातारा चुकीचा रस्ता सांगतोय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चाळीस वर्षं त्या तोंडातून होड्या आत आणणारा माणूस, आणि हा एसीत बसून त्याला चुकीचा म्हणतोय. पण स्क्रीनकडे पाहिलं आणि कळलं. माड जागेवर नव्हता. चांगला हातभर डावीकडे सरकला होता. दोन दिवसांपूर्वी आम्ही पोस्टरसाठी स्क्रीनशॉट काढला होता. माड फ्रेममध्ये येत नव्हता म्हणून तो हलवला, आणि परत जागेवर ठेवायचा राहिला.

मी तिथेच वरुणवर ओरडले. तो म्हणाला, "तुला विचारूनच हलवला मी." मी सगळ्यांसमोर म्हटलं, खोटं बोलतोय.

आमचं भांडण चालू असताना परीक्षकांनी चौथ्यांदा सुरू केलं. होडी निघाली. खरं तर तेच जुनं वाक्य यायला हवं होतं. त्याऐवजी काका म्हणाला —

"माड हितं नव्हता. कुनी हलवला, चिमे?"

घोगरा नाही, घुमणारा नाही. जाळ्याचा गुंता कुणी करून ठेवला की तो जसा विचारायचा, अगदी तस्सा, चिडून. मागे होडीच्या फळीवर पाणी आपटल्याचा आवाज. चौघांनीही ऐकलं. परीक्षकांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

त्याच दिवशी आम्ही सगळ्या फाईली तपासल्या. काकाचं प्रत्येक वाक्य मी स्वतः कापून नाव देऊन ठेवलं होतं. हे वाक्य कुठेच नाही. मूळ रेकॉर्डिंगही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. नाही. वरुण म्हणाला, "एआयने काकाचा आवाज बनवलास, मला अडकवायला." मेलेल्या काकाचा आवाज मी बनवीन? हात उचलायचा बाकी राहिला होता माझा.

आणि सर काय म्हणाले माहितीये? "भारी आहे हे. असंच ठेवा, खेळणाऱ्याला दचकवणारा जम्प स्केअर म्हणून. शेवटी हॉररच झाला बघ."

मी म्हटलं, नापास करा, पण माझा काका भूत म्हणून विकला जाणार नाही. त्यांच्यासमोर बसून मी माड उचलला आणि जागेवर ठेवला. गेम सुरू केला. काका नेहमीचं वाक्य बोलला, टाकी माडाआड गेली, होडी अलगद आत आली. त्यानंतर शंभर वेळा तरी खेळून पाहिलंय. माड हलवूनही पाहिलाय. तो पुन्हा काही बोललेला नाही.

गोंधळ घातला म्हणून सरांनी वरुणचे गुण कापले. त्याने घर बदललं, माझा नंबर ब्लॉक केला. मी कितीतरी दिवस त्याला शिव्या घालत राहिले. ज्युरीला शिव्या, सरांना शिव्या, सगळ्यांना.

पण हे मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. माझ्या फोनमध्ये आमच्या टीमचा ग्रुप अजून आहे. स्क्रीनशॉटच्या दिवशी वरुणने विचारलं होतं, "माड हलवू का? खूण चुकेल ना?" खाली माझं उत्तर आहे. "हलव रे. कोणाला कळतंय."

वरुण, तू हे वाचत असशील तर, तू खरं बोलत होतास. सरांना मी कालच लेखी कळवलंय.

आवाज कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. बग म्हणा, काही म्हणा, मला कुठलंच उत्तर पटत नाही. एवढंच कळतं की खोलीत वरुण होता, सर होते, परीक्षक होते... आणि कुणी हलवला हे विचारताना काकाने नाव माझंच घेतलं.