अभिनंदन म्हणणारी मेल

तिला सगळे पासवर्डमावशी म्हणत. बाजारामागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिची खोली होती. तीन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, भिंतीला लागून एक बाक आणि टेबलाच्या खणात एक जाडजूड रजिस्टर. ज्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता ती शाळा-कॉलेज सुटलं की इथे यायची. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची हॉलतिकिटं, फुकटचे ऑनलाइन कोर्स, सगळं इथूनच व्हायचं. कुणाचा कुठल्या साइटवर कोणता पासवर्ड, हे त्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे.

पूर्वी याच खोलीत तिचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले, पण ही बातमी तिच्या बोटांपर्यंत काही पोचली नाही. ती अजूनही बटणांवर अशी तुटून पडे की वर्षाकाठी दोन कीबोर्ड तरी धारातीर्थी पडायचे. मुलं हसायची. तीही हसायची.

सुरुवातीला ती प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा ईमेल काढून द्यायची. मुलं आठवड्यात पासवर्ड विसरत. घरात फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात, म्हणजे ओटीपी आला तर तो कारखान्यात नाहीतर ट्रकमध्ये. अर्जाची मुदत संपून जायची आणि पोर बाकावर बसून मुसमुसायचं. दोन-तीनदा हे पाहिल्यावर तिने सोपा मार्ग काढला. प्रत्येक अर्जावर आपलाच ईमेल आणि आपलाच फोन नंबर टाकायचा. ओटीपी तिच्याच हातात येई, अर्ज पाच मिनिटांत पुरा होई.

तिचा नवरा वायरमन होता. तो चिडवायचा, "अगं, अख्ख्या वस्तीची पत्रं तुझ्या नावावर येतात. तुला पोस्टमास्तर कुणी नेमलं?"

"तुम्ही तुमच्या वायरी सांभाळा," ती म्हणायची.

दिवसाला शंभर-सव्वाशे मेल यायच्या. त्यातल्या कामाच्या आठ-दहा. एकदा एका मुलाला 'अभिनंदन! तुम्हाला लॅपटॉप मिळाला आहे' अशी मेल आली. त्याने आनंदाने त्यातलं बटण दाबलं आणि त्याच्या आईच्या खात्यातला महिन्याचा पगार गेला. ती बाई याच बाकावर बसून राहिली होती. त्यानंतर मावशीने भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: 'अभिनंदन म्हणणारी मेल उघडायची नाही. सरळ कचऱ्यात.' हा नियम ती स्वतःही पाळायची. रोज सकाळी खोली झाडली की मेलबॉक्सही झाडायची. 'अभिनंदन' दिसलं की बोट आपोआप खाली यायचं.

तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीची मुलगी बसायची. नुकतीच शाळा संपलेली, बोलायला कमी, मान पुढे काढून स्क्रीनमध्ये शिरलेली. तिने फुकटच्या धड्यांवरून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं होतं. आईसाठी तिने एक छोटं ॲप केलं होतं. त्यात गिऱ्हाइकांची मापं साठवता यायची, कोणाचे कपडे कधी द्यायचे हे कळायचं. शिवणवाली जिना चढून यायची ती मशीनचं तेल लागलेले हात पदराला पुसत, आणि दारातूनच विचारायची, "मावशी, ही काही कामाचं करते की नुसती टकटक?"

"अहो, ही मला शिकवेल आता," मावशी सांगायची.

त्या वर्षी एका संस्थेने अर्ज मागवले. दोन वर्षांचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, लॅपटॉप घरी, आणि नंतर कामाची संधी. जागा साठ. अट एकच, त्याच वर्षी शाळा संपलेली हवी. मुलीने चार तास बसून चाचणी दिली. मावशीने अर्ज भरला, नेहमीसारखा, आपल्या ईमेलवर.

मग मुलगी रोज यायची. जिन्यावरूनच तिचा आवाज यायचा. "मावशी, काही आलं?"

"आलं की मीच धावत येईन खाली. जीव नको खाऊस."

एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मावशीने सहज संस्थेच्या साइटवर मुलीचा अर्ज क्रमांक टाकला. पान उघडलं. 'निवड झाली. मुदतीत होकार न आल्याने जागा पुढील उमेदवारास दिली.'

तिने ते तीनदा वाचलं. मग मेलबॉक्स पालथा घातला. काही नव्हतं. शेवटी तिने कचरा उघडला. एकोणीस दिवसांपूर्वीची मेल होती. 'अभिनंदन! प्रिय उमेदवार, आपली निवड झाली आहे. तीन दिवसांत खालील बटण दाबून होकार कळवा.' तिने ती उघडलीही नव्हती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आलेली मेल. म्हणजे झाडू ठेवला, हात धुतले, आणि मग.

तिने संस्थेला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक तरुण मुलगा बोलला, आवाजाने सभ्य होता.

"चूक माझी आहे हो," ती म्हणाली. "मुलीला मेल मिळालीच नाही. ईमेल माझा होता."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला. मग थांबला. "मॅडम, अर्जात 'हा ईमेल उमेदवाराचा स्वतःचा आहे' यावर टिक आहे. तुम्ही आत्ता जे सांगताय ते मी लिहून घेतलं, तर अर्जच खोटा ठरेल. पुढे तिला कुठल्याच योजनेत घेणार नाहीत." त्याने आवाज खाली आणला. "लिहून घेऊ का?"

"नको," मावशी म्हणाली. "नको, नको."

"मग मी हा फोन आलाच नाही असं धरतो."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, सांगूच नये. 'नाही लागलं गं नाव' म्हटलं की संपलं. साठ जागा, हजारो अर्ज, कोण विचारणार? मुलगी दोन दिवस रडेल. पण मग ती जन्मभर समजेल की आपण पुरे पडलो नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"मावशी, काही आलं?"

मावशीने तिला तीन नंबरच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. कचऱ्याचं, टिकचं, फोनचं. काही वगळलं नाही. मुलीची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली आणि परत आली.

"म्हणजे घेतलं होतं मला?"

"हो."

"साठांत?"

"हो, बाळा."

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मेल वाचायला मागितली. सावकाश वाचली. मग म्हणाली, "प्रिंट काढून द्याल? आईला दाखवते. तिला वाटतं मी नुसती टकटक करते."

प्रिंटर कुरकुरला. कागद बाहेर आला. मुलीने तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"यात माझं नावच नाही, मावशी."

खरंच नव्हतं. प्रिय उमेदवार, आणि एक बारा आकडी क्रमांक. मावशीने खणातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि तसंच धरून बसली. पेनाने लिहिलेल्या नावावर कोण विश्वास ठेवणार? मुलीने कागदाची घडी घातली.

"मला माझा ईमेल काढून द्या."

मावशीने पान उघडलं. नाव, जन्मतारीख, पासवर्ड. मुलगी पासवर्ड टाकत असताना मावशीने तोंड फिरवलं, रजिस्टरला हात लावला नाही. मग चौकट आली: मोबाइल नंबर.

"बाबांचा आहे. ते गाडीवर गेलेत. शनिवारी येतील."

मावशीने स्वतःचा नंबर सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"शनिवारी येते मग," मुलगी म्हणाली. जिन्यावर पावलं वाजली ती उतरतानाची.

शनिवारी मावशीने तीन नंबरवर कुणाला बसू दिलं नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. एरवी एकाच मशीनचा असायचा. त्या दिवशी दोन मशीन चालत होत्या.

दिवे लावायच्या वेळेला नर्सिंगचा अर्ज भरलेली एक मुलगी म्हणाली, "मावशी, बसू का तिथे? ती काही येत नाही आता." मावशीने होकारार्थी मान हलवली. त्या मुलीने मावशीचा मेलबॉक्स उघडला आणि ती मागे वळली.

"मावशी, इथे 'अभिनंदन' लिहिलंय. उघडू?"

मावशीने भिंतीकडे पाहिलं. कागद तिने त्याच दिवशी काढला होता, चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते. ती मुलीच्या मागे येऊन उभी राहिली. खाली दोन्ही मशीन चालू होत्या.

"उघडू का, मावशी?"

मावशी वाकली आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचू लागली.