आत्याबाईंची गार खोली

आत्याबाई माणसाला आधी हुंगायच्या. लग्न होऊन मी सासरी आले त्या दिवशी माप ओलांडून आत पाऊल टाकलं, तोच माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या नाकाशी नेलं. जमलेल्या बायकांना वाटलं, सुनेवर माया करतायत. मलाही तसंच वाटलं, डोळेसुद्धा भरून आले. मग त्यांनी डोकं सोडलं आणि बायकांना म्हणाल्या, "गजरा काढा हिचा. तेल धुवा. पावडर किती थापली का काय, वास मारून राह्यली पोरगी." दिवस मावळायच्या आत मला दुसऱ्यांदा न्हायला घातलं, तेही नुसत्या पाण्याने.

याला कारण किडे. आमचं गाव अंबडच्या अलीकडे. आमच्या भागात आता उसाइतकीच तुती दिसते, आणि तुती आहे तिथे रेशमाचे किडे आहेत. मोठे किडे जो तो आपापल्या शेडमध्ये पाळतो. पण अंड्यातून नुकते निघालेले, केसाएवढे किडे सांभाळणं सगळ्यांना जमत नाही. ते सुरुवातीच्या दिवसांचं काम आत्याबाई घरी करायच्या. याला चॉकी म्हणतात. आसपासच्या गावांतले शेतकरी त्यांच्याकडून किडे न्यायचे, आणि आत्याबाईंची बॅच म्हटल्यावर कुणी ट्रे उघडूनही बघत नसे. या किड्यांना वास सोसत नाही. अगरबत्ती, मच्छरची कॉइल, अत्तर, तंबाखू, काही चालत नाही. आत्याबाईंना लहानपणापासून तंबाखूची सवय होती. किडे घरात आले त्या दिवशी त्यांनी चंची चुलीत घातली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. नियम दुसऱ्याला आणि सूट स्वतःला, असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. असता तर मला भांडायला तरी जागा राहिली असती.

त्यांचं माहेर मेंढरांमागे फिरणारं. पावसापाण्यात कोकरू तंबूच्या आत आणि माणसं बाहेर, असंच त्या वाढल्या. किड्यांनाही त्या जितराबच म्हणत. "माणूस मागून खातं, वरडून सांगतं," त्या म्हणायच्या. "जितराबाला तोंड न्हाई. त्याचं आपुन बघाया लागतं." ऐकायला छान वाटतं. पण ज्याला तोंड आहे त्याने तोंड उघडलेलंही त्यांना खपत नसे. शेजारची एक बाई नवरा गेल्यावर आमच्या ओसरीवर येऊन रडत बसली, तर तिला म्हणाल्या, "रडायचं तं बांधावर जाऊन रड बाई, हितं किडे निजलेत." मला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या तेव्हा म्हणाल्या, "शेळी बी गाभण राह्यती. ती एवढं नाटक करीत न्हाई." मी बाहेर जाऊन रडले, आणि रडता रडता हसलेसुद्धा. त्यांच्या बोलण्यात एक ठसका होता, तो नाकारता येणार नाही.

तीन खोल्यांचं आमचं स्लॅबचं घर. मधली खोली किड्यांची, बाकी माणसांची. आधी त्या खोलीत ओली पोती लटकवून आणि कूलर लावून भागवायचे, आणि ऊन कडक झालं की काम बंद ठेवायचे. त्या वर्षी आत्याबाईंनी ठरवलं, ऐन मे महिन्यात बॅच काढायची, दुसरं कुणी काढत नाही तेव्हा. एसी घेतला, आणि त्याच्या जोडीला एक यंत्र. भिंतीवर पांढरी डबी, ट्रेच्या रॅकला लटकणारा सेन्सर आणि सगळं मोबाइलला जोडलेलं. खोली सत्तावीसच्या वर गेली की एसी आपोआप सुरू व्हायचा. एकोणतीसला टेकली की फोनवर भोंगा वाजायचा, मग फोन कुठल्या का गावात असेना.

जालन्याहून बसवायला आलेल्या मिस्त्रीने विचारलं, "बेडरूम कोणती, मावशी?"

"हीच."

"किती जण झोपतेत?"

"असतील लाखभर," आत्याबाई म्हणाल्या आणि दार उघडून दाखवलं. मिस्त्री बघतच राहिला. "आमच्या घरी बी एसी न्हाई, मावशी," तो म्हणाला.

"मंग किडा व्हायचं होतंस."

यंत्र लागल्यावर त्यांनी सेन्सर मुठीत धरला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने माझ्या नवऱ्याच्या, विष्णूच्या, हातातला त्यांचा फोन ओरडायला लागला. आत्याबाईंना तोंडभर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "हे बराबर हाय," त्या म्हणाल्या. "चुगली करतं."

त्या दिवसापासून फोन त्यांच्या कमरेच्या पिशवीत गेला. अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते, आणि त्यांना आकडेच हवे होते. पाला टाकायच्या ठरलेल्या वेळा सोडून खोलीचं दार उघडायचं नाही. लाइट गेली की जनरेटर लागे, त्याची वायर फक्त त्या खोलीत. बाहेर आमचे पंखे बंद. दुपारी आम्ही दोघं नवराबायको त्या खोलीच्या भिंतीला बाहेरून पाठ लावून बसायचो, ती भिंत जरा गार लागायची. आत्याबाईंनी एक दिवस तेही पाहिलं. "सरका तिथून. तुमच्या अंगाची गरमी आत जाऊन राह्यली," म्हणाल्या. त्या स्वतः लिंबाखाली बाजेवर तापत पडलेल्या असत.

माहेरी बाळंत होऊन मी तीन महिन्यांच्या ईश्वरीला घेऊन परत आले ती याच उन्हाळ्यात. आत्याबाईंनी नातीला हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "काजळ पुसा. धुरी बिलकुल द्यायची न्हाई." ईश्वरीची झोळी ओसरीवर बांधली. मी आत पाला बारीक चिरायची. अंगावरचा घाम आत सुकून जायचा, आणि भिंतीपलीकडे लेकरू रडायचं. रडणं ऐकून मला पान्हा फुटायचा, पण ट्रे पुरे झाल्याशिवाय दार उघडता येत नव्हतं. एकदा मी हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, नुसती दुपारभर कोपऱ्यात निजवते तिला. तुम्ही म्हणाल तशी धुऊन नेते." त्या म्हणाल्या, "आज कोपऱ्यात, उद्या बाज टाकशील. मंग विष्णू येईल, मंग पाव्हणे येतील. न्हाई."

नातेवाइकांत परतूरला लग्न निघालं. आत्याबाई आणि विष्णू सकाळच्या बसने गेले. बॅच होती म्हणून मी घरी राहिले. ऊन असं होतं की रांजणातलं पाणीसुद्धा कोमट. लाइट गेलेली. मी जनरेटर लावला, पाला टाकून बाहेर आले, तर ईश्वरी रडत नव्हती. डोकं तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे, स्तन तोंडात दिला तरी ओढेना. ओल्या फडक्याने पुसलं, पण फडकं लगेच वाळत होतं. गावात दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना फोन लावला. त्या पलीकडच्या वस्तीवर होत्या. म्हणाल्या, "आधी लेकरू गार जागेवर घ्या. मी निघालेच."

गावात गार जागा एकच होती.

मी तिचे कपडे काढले. साबण लावला नाही. नुसत्या पाण्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, स्वतः धुऊन खोलीत जाताना नेसायचं लुगडं नेसले, दाराशी ठेवलेल्या पाण्यात पाय बुडवले आणि आत जाऊन कोपऱ्यात धुतलेल्या पोत्यावर तिला घेऊन बसले. दार लागायला जरा वेळ झाला असेल. फोन वाजला. मागे लग्नातला बँड.

"एकोणतीस दावून राह्यलं. दार कोनं उघडलं?"

"मी."

"पाल्याची येळ न्हाई ही."

"लेकरू आत आणलंय, आत्याबाई. तापलंय लई. दूध ओढीत न्हाई."

बँड वाजत होता. "भायेर घे," त्या म्हणाल्या.

"न्हाई घेत."

"भायेर घे म्हन्ते मी."

मी फोन ठेवला. लग्नानंतर त्यांचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ. हळूहळू ईश्वरीचं डोकं निवलं. तिने ओठ हलवले, चाचपडली आणि दूध ओढायला लागली. आशाताई आल्या, त्यांनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस. घटकाभर उशीर झाला असता तर मी येऊन उपयोग नव्हता." मी ढसाढसा रडले. माझ्या आयुष्यात त्याच्याइतका आनंद मला नंतर कधी झालेला नाही.

आत्याबाई लग्नात जेवल्याही नाहीत. ऊन कलायच्या आत मिळेल त्या बसने परत आल्या. ओरडल्या नाहीत. पाय धुऊन आत आल्या, माझ्या मांडीवरच्या ईश्वरीवर वाकल्या आणि तिला टाळूपासून तळपायापर्यंत हुंगलं. "वास न्हाई," म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो दोघी. मग एकेक ट्रे काढून पाहिला. किडे टवटवीत होते, पाला खात होते. सगळे ट्रे बघून झाल्यावर बाहेर येऊन त्या विष्णूला म्हणाल्या, "गोठ्यामागं खड्डा घे."

विष्णूने विचारलं नाही कशाला. कुदळ घेतली. मी मात्र अंगणात उभी राहून म्हणाले, "आत्याबाई, किडे जिते हायेत. एक बी मेला न्हाई."

"मला म्हाईत हाय."

"मंग?"

"मंग काय. दार उघडल्यानं काही होत न्हाई असं एकदा कळलं, की दार उघडंच राह्यतं."

खालच्या कागदासकट, पाल्यासकट त्यांनी ती बॅच खड्ड्यात ओतली. वर ब्लिचिंग पावडर टाकली. ज्या किड्यांना त्यांनी आपल्या घामाचा वास लागू दिला नव्हता, ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुरले. त्यांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. माझा नवरा फावडं घेऊन उभा होता. त्या दिवशी मला आत्याबाईंची भीती वाटली आणि नवऱ्याची किळस आली.

दोन दिवसांनी शेतकरी किडे न्यायला आले. बॅचच्या हिशेबाने त्यांनी तुती आधीच छाटून नवा पाला फुटवून ठेवला होता. आत्याबाई अंगणात उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "बॅच बसली, वाया गेली. सुनबाईनं तान्हं लेकरू आत नेल्तं." एवढंच. कुणी मला काही बोललं नाही; मला वाटतं, मारलं असतं तरी परवडलं असतं. त्यांचा पाला उभ्याउभ्या जून होऊन गेला. आशाताईंनी चार घरी खरं सांगून पाहिलं, पण पाला वाया गेलेल्या माणसाला कारण हवं होतं, आणि ते त्याला मिळालं होतं. मी माहेरी गेले. चार महिने राहिले आणि परत आले, कारण तिथल्या भावजयीनेही एक दिवस विचारलं, "खरंच का हो वन्सं, हिच्यामुळं किडे मेलते?"

ईश्वरी चालायला लागली तसा तो ठपका तिच्यामागे चालायला लागला. गावात कुणाची बॅच बिघडली की पहिला प्रश्न, "ती पोरगी आल्ती का हिकडं?" शेडच्या आसपास दिसली की बायका तिला दुरूनच हाकलायच्या. गोड बोलून हाकलायच्या, हातात काहीतरी खाऊ देऊन, पण हाकलायच्या. ती शाळेत जायला लागल्यावर पोरं खाऊही न देता हाकलायला लागली. आत्याबाई हे सगळं बघायच्या. नातीवर त्यांचा राग होता असंही नाही. बाजारातून तिच्यासाठी शेवचिवडा आणायच्या, तिची वेणी घालायच्या, बिनतेलाची.

गेल्या वर्षी आत्याबाईंचं पोटाचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ओसरीवर बाज टाकली. गाव भेटायला येत होतं. एक दिवस ओसरी माणसांनी भरलेली, ईश्वरी उशाशी बसून पुठ्ठ्याने आजीला वारा घालत होती. मी सगळ्यांसमोर त्यांच्या पायाशी बसले. "आत्याबाई, मला काही नको तुमचं," मी म्हणाले. "एकदा फक्त तुमच्या तोंडून सांगा. त्या दिवशी किडे जिते होते. पोरीनं काही केलं न्हाई."

आत्याबाईंनी मान वळवून ईश्वरीकडे पाहिलं. तिच्या केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या, आणि आवाज चांगला खणखणीत होता.

"माझ्या मागं पोरीला खोलीच्या दाराशी जाऊ देऊ नका."

ईश्वरीचा पुठ्ठा क्षणभर थांबला आणि पुन्हा हलू लागला. त्याच आठवड्यात आत्याबाई गेल्या. मी रडले नाही. बायकांनी त्याचीही नोंद घेतली असणार. दहाव्याला जमलेल्या सगळ्यांना मी खड्ड्याची गोष्ट सांगितली, विष्णूलाही मान हलवायला लावली. लोकांनी ऐकून घेतलं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, एवढंच एक म्हातारबा म्हणाले.

आता खोली माझी आहे. फोन माझ्या पिशवीत असतो. भोंगा मी बंद करून टाकला. या मे महिन्यात, लाइट गेलेल्या एका दुपारी, मी ईश्वरीला नुसत्या पाण्याने अंघोळ घातली, हाताला धरलं आणि खोलीचं दार सताड उघडलं. आतला गारवा दोघींच्या अंगावर आला. "चल," मी म्हणाले. "आत बसून अभ्यास कर."

तिने उंबऱ्यावर पाय रोवले. मी ओढलं, तशी हात सोडवून घेतला.

"दार लाव आई," ती म्हणाली. "मरतेत ते."

आणि तापलेल्या फरशीवर, दारापासून लांब जाऊन बसली.