अंगणात उघडलेली बॅग

घोटावड्याला आमच्या घराशेजारी सासूबाईंनी ओळीने खोल्या बांधल्या आहेत. पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला येणारी माणसं तिथे भाड्याने राहतात. नवा भाडेकरू आला की सासूबाईंचा एक नियम असतो. सामान थेट खोलीत जात नाही. टेंपोतून उतरलं की ते अंगणात पसरायचं, गाद्या उलगडायच्या, डबे उघडायचे, पत्र्याची पेटी रिकामी करून उलटी ठोकायची आणि दुपारभर सगळं उन्हात ठेवायचं. "झुरळं सामानातनं येत्यात," त्या म्हणतात. "येकदा शिरली का जात न्हाईत."

त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. एका वर्षी एका खोलीतली झुरळं सगळ्या ओळीत पसरली आणि तिथून आमच्या स्वयंपाकघरात आली. देव्हाऱ्यात निरांजनामागे एक सापडलं, तेव्हा सासूबाईंना चार घास गोड लागले नव्हते. त्यामुळे लग्न होऊन आल्यावर मीही तो नियम निमूटपणे घरचा म्हणून धरला. कुणाच्या तेलकट उशा, औषधाच्या बाटल्या, पोरांची लंगोटं, सगळं अंगणात मांडलेलं असायचं. त्यातून वाट काढत मी कपडे वाळत घालायला जायचे.

मग नवऱ्याला कंपनीने जर्मनीला पाठवलं आणि मुलीला घेऊन आम्ही तिकडे गेलो. घर काही मिळेना. फोनवर आडनाव सांगितलं की नेमकं तेवढ्यातच घर गेलेलं असतं, असं नवरा हसून म्हणायचा. मला हसू यायचं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या घराचा वरचा मजला दिला. त्या खाली राहायच्या. जिना चकचकीत, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ. मी मनोमन देवाला हात जोडले.

पहिलं झुरळ सिंकखालच्या कपाटात दिसलं. बारकं, तांबूस, मिशा हलवत उभं. मी इतकी चकित झाले की चप्पल उचलायचीच राहून गेली. विमानात बसलं की झुरळं मागे राहतात, असं मी का धरून चालले होते कोण जाणे. मग रोज एखाददुसरं दिसायला लागलं. सासूबाईंनी निघताना बॅगेत झुरळांचा खडू कोंबला होता आणि मी तेव्हा त्यांच्यावर वैतागले होते. आता त्याच खडूने कपाटाच्या कडेकडेने रेघा ओढत बसले. नवरा म्हणाला, "खाली कळू देऊ नकोस. हे घर गेलं तर पुन्हा कुठे शोधायचं?"

पण झुरळांना जिना उतरता येतो. एका सकाळी बाई वर आल्या. हातात काचेची बरणी, झाकण घट्ट लावलेलं, आत एक झुरळ. "तुम्ही येण्याआधी या घरात असं काही नव्हतं," त्या इंग्रजीत अगदी हळू, अगदी नम्रपणे म्हणाल्या. आरडाओरडा केला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मग त्यांनी विचारलं, घरून धान्य वगैरे आणलंय का?

आणलं होतं. घोटावड्याजवळ रिह्याला आमचं भाताचं खाचर आहे, तिथला इंद्रायणी तांदूळ, सासूबाईंनी स्वतः निवडून कापडी पिशवीत शिवून दिलेला. बाईंनी मला सगळे डबे बाल्कनीत आणून मांडायला सांगितले. हळद, गोडा मसाला, शेंगदाण्याचा कूट, पापड. चष्मा लावून त्या एकेका डब्यात वाकून बघत होत्या. समोरच्या बाल्कनीतला माणूस झाडांना पाणी घालायचा थांबला होता. मी हातात एक झाकण धरून उभी होते आणि मला एकदम आमचं अंगण आठवलं.

तांदळाची पिशवी शेवटी उघडली. त्यांनी दोन बोटं आत घालून पाहिलं. काहीच निघालं नाही. तरी म्हणाल्या, "हे टाकून दिलेलं बरं."

मला राग आला आणि रडूही आलं. "नाही," एवढंच म्हणाले. संध्याकाळी नवराही म्हणाला, टाक ना, तांदूळच तर आहे. मी टाकला नाही. सकाळी भात, संध्याकाळी भात. "आई, आज पण?" मुलगी विचारायची. इंद्रायणीचा वास जिन्याभर खाली जायचा. जाऊ दे म्हटलं! शेवटचा दाणा संपेपर्यंत मी दुसरं काही शिजवलं नाही.

बाईंनी बोलावलेला औषधवाला आला, कपाटाच्या फटींत औषध लावून, चिकट पट्ट्या ठेवून गेला. हळूहळू झुरळं गेली. ती कुठून आली होती ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बाई जिन्यात पुन्हा पूर्वीसारख्या हसायला लागल्या. घर राहिलं. पण दारावर टकटक झाली की मी आधी ओटा पुसायचे आणि मग दार उघडायचे. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "तांदूळ कसा निगाला?" मी म्हटलं, छान निघाला.

यंदा नवऱ्याचं तिकडचं काम संपलं आणि आम्ही परतलो. गाडी घरापाशी वळली तेव्हा अंगणात टेंपो उभा होता. लातूरकडचं एक कुटुंब राहायला आलं होतं. कुकर, शेगडी, पोरांची दप्तरं, सगळं उन्हात. सासूबाई काठीने पत्र्याची पेटी ठोकत होत्या आणि त्या कुटुंबातली बाई खालच्या आवाजात सांगत होती, "मावशी, कालच समदं धुऊन घेतलंय बघा." आमची गाडी दिसताच ती दोन पावलं सरकली. गादीवर मोठा डाग होता. तो आम्हाला दिसू नये म्हणून ती त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

मुलगी धावत आजीला बिलगली. "आली का गं? चला आत, ऊन लागंल," सासूबाई मला म्हणाल्या. नवऱ्याने बॅगा उचलल्या.

"थांब," मी म्हटलं. मोठी बॅग त्या बाईच्या पेटीशेजारी आडवी केली आणि चेन ओढली. माझे कपडे, परकर, सगळं वर आलं.

"अगं, ह्ये काय? तू घरची हायेस."

"तिकडे मी भाडेकरू होते, आई. आपला तांदूळ बाल्कनीत मांडून दाखवला मी. झुरळं त्यातूनच आली म्हणे."

काठी थांबली. "माज्या तांदळातनं?" त्यांचा चेहरा लाल झाला. "मंग तू काय केलंस?"

"सगळा खाऊन संपवला."

ती लातूरची बाई तोंडाला पदर लावून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. माझ्या बॅगेपाशी खाली बसल्या आणि एकेक कपडा झटकून, घडी घालून बाजूला ठेवू लागल्या. बॅग रिकामी झाली तशी उलटी करून ठोकली. कोपऱ्यातून एक वाळलेलं झुरळ पडलं. बारकं, तांबूस.

सासूबाईंनी काठीच्या टोकाने ते उलटसुलट केलं. "तिकडलं का हितलं?"

"काय सांगू, आई. सारखीच दिसतात."

सासूबाईंनी ते काठीने कडेला सारलं. मग काठी भिंतीला टेकवून उठल्या, गादीपाशी गेल्या, डागाची बाजू आत येईल अशी ती दुमडली आणि त्या बाईला म्हणाल्या, "धर गं तिकडनं. आत घिऊ."