कणकेला न चालणारी नखं

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, स्वच्छतेचा भारी सोस. सकाळी उठल्या की बोटानं मिश्री घासायच्या, बोट पदराला पुसायच्या आणि त्याच हातानं कणीक मळायला बसायच्या. अशा बाईनं माझ्या नखांना नाक मुरडावं!

माझं सासर मलकापूरचं. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला-बोलायला लागली होती. माझ्या नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडू लागले. मग नखं पिवळी पडली, टोकाकडून सुटली, खाली भुसा साठू लागला. आत्याबाईंनी एकदा माझा हात उजेडात धरला आणि निकाल दिला, "कीड हाय ही. लागणीचा रोग हाय. आजपास्नं कणकेला हात लावायचा न्हाई. आन् पोरीला घास तर भरवायचाच न्हाई."

कणकेचं मला सोयरसुतक नव्हतं. पण माझी पोर माझ्यासमोर आत्याबाईंच्या त्या मिश्रीच्या बोटांनी जेवायची आणि मी बघत बसायची.

बरं, जे हात परातीला चालत नव्हते, ते खरकट्याला चालत होते. राख, सोडा, धुणं, शेण सगळं माझ्याच वाट्याला आलं. कीड भांड्यांना लागत नाही, कपड्यांना लागत नाही, फक्त कणकेला लागते, असं त्यांचं शास्त्र. दिवसभर हात पाण्यात, त्यामुळे नखं आणखी बिघडत गेली. मग त्यांनी बिब्बा तापवून त्याचं तेल माझ्या नखांवर घातलं. बोटं सुजली, फोड आले. मी कळवळत होते आणि त्या शेजारणीला सांगत होत्या, "बघ, कीड कशी भायेर पडतीया!"

नवरा फौजेत होता. सुट्टीवर आला तेव्हा माझी बोटं बघून मला सांगलीला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी नख खरवडून तपासलं आणि म्हणाले, "सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही. हात कोरडे ठेवा, नखं बारीक कापा, खालचा भुसा टोकरू नका. भांडी-धुणं बंद करा, नाहीच जमलं तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला." मग मलम लिहून दिलं आणि नखांच्या मुळाशी इंजेक्शनं दिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आमचे जवान मात्र सुई बघूनच बाहेर जाऊन बसले होते.

परत येताना यष्टीत तो मोठ्या रुबाबात म्हणाला, "आईला मी सांगतो." घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "व्हय रं, डाक्टरला काय आमच्यापरास जास्त कळतंय?" आणि हा गडी मान खाली घालून जेवायला बसला. सरहद्दीवर हा कुणाला अडवत असेल, देव जाणे.

हातमोजे मात्र त्यानं आणून दिले होते, तेवढं श्रेय देते. ते घालून मी भांडी घासायला बसले की आत्याबाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आल्या राणीसरकार!" अशा तोंडाला लागण्यापेक्षा भांडी बरी. रात्री मलम चोळायचं, नखं कापायची आणि वाट बघायची. नख फार सावकाश वाढतं. मुळाशी नितळ, गुलाबी रेघ दिसायला कित्येक महिने गेले आणि ती टोकापर्यंत यायला जवळजवळ वर्ष. पुन्हा उलटू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतंच. पण त्या घडीला नखं स्वच्छ होती.

एका दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मी साबणानं हात धुतले, कोरडे केले, दूधभात कालवला आणि पोरीला मांडीवर घेतलं. घास तोंडापाशी नेला तर तिनं ओठ घट्ट मिटले.

"खा की गं," मी म्हणाले.

तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला, दाराकडं उजेडात नेला, एकेक नख उलटंसुलटं करून पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.