आकाराम डुबलांचा आवाज

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात प्रेसची धडधड इतकी, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी हातवारे करावे लागायचे. आकाराम डुबलला त्याची गरज पडत नसे. तो प्रेसवर उभा राहून बोलायचा आणि गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायचं.

आम्हा कामगारांचा नाटकाचा एक ग्रुप होता. मी लाइट सांभाळायचो, आकाराम मुख्य काम करायचा आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूला उभे राहायचे. तो मूळचा तासगाव तालुक्यातला. पोरसवदा असताना गावच्या जत्रेत नाटक चालू होतं आणि मधेच माइक बंद पडला. बाकीचे नट घुटमळले, पण आकारामनं अख्खा अंक असा ठणकावून म्हटला, की देवळाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यांनाही शब्दन् शब्द कळला. हा पोरगा नट हाय, हे गावानं त्या दिवशी ठरवून टाकलं. पुढं तो कुपवाडला नोकरीला लागला, जवळच बामणोलीत घर केलं, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाची पदकंही मिळवली.

आमची नाटकं नाथाजी बसवायचे. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला हा माणूस नाटकं लिहायचाही. त्यांच्या एका नाटकात आकाराम बाप होता. पोरगा घर सोडून शहराला निघतो आणि बाप दारात उभा राहून म्हणतो, "जा. पण परत ह्या दारात पाय ठेवू नगंस." आकाराम हे असं काही गरजायचा, की टाळ्या थांबायच्या नाहीत.

त्याच सुमारास साताऱ्याकडं मालिकांची शूटिंगं वाढली होती. कुणीतरी आकारामचा व्हिडिओ पाठवला आणि त्याला बोलावणं आलं. नायिकेच्या मामाचं काम होतं. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ एका मळ्यातल्या घरात शूटिंग होतं. रजा टाकून, बायकोनं, म्हणजे अंजनावहिनींनी, बांधून दिलेली दशमी-चटणी घेऊन तो एसटीनं गेला.

पहिलंच वाक्य त्यानं म्हटलं आणि साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून फेकले.

"काका, माइक तुमच्या शर्टाच्या आत आहे," दिग्दर्शक म्हणाला. "मामी समोरच उभी आहे. फक्त तिच्याशी बोला."

आकारामनं आवाज उतरवला, पण मान वरच राहिली. डोळे कॅमेऱ्याच्या पलीकडं, नसलेल्या प्रेक्षकांकडं जायचे. आवाज आणखी उतरवला तर वाक्य विसरायचा. पुन्हा पुन्हा तेच झालं. ऊन उतरायला लागलं, तशी दिग्दर्शकानं मामाची वाक्यं मामीला देऊन टाकली. क्रांती नावाची सहायक मुलगी होती, तिनं आकारामच्या हातात पेढ्यांचं ताट दिलं आणि त्याला मागं उभं केलं.

हे त्यानं घरी कुणालाच सांगितलं नाही. त्यामुळं तो भाग लागला त्या दिवशी सगळी गल्ली टीव्हीसमोर जमली होती. दिसला तो अर्धा खांदा आणि पेढे. वहिनींनी टीव्ही बंद केला आणि "बसा, च्या ठेवते," एवढंच म्हणाल्या.

आकाराम तालमीला यायचा बंद झाला. नाथाजी घरी गेले, तर म्हणाला, "मला काम येत न्हाई, नाथाजी. मला नुसतं वरडता येतं."

"गड्या, वरडायलाबी यावं लागतं," नाथाजी म्हणाले. पण तो काही बधला नाही. त्या वर्षी आमचं नाटक झालंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याची लेक संयोगिता बाळंतपणाला माहेरी आली. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. इवलंसं, आणि झोप इतकी सावध की भांडं वाजलं तरी दचकायचं. दोन खोल्यांचं घर. वहिनींनी आकारामला सांगून ठेवलं, "तुमी आपलं हळू बोला, न्हाईतर बोलूच नका."

पहिली पाळी करून तो दुपारी घरी यायचा आणि नातवाला पायांवर घेऊन बसायचा. अंगाई येत नव्हती. मग तो नाटकातली वाक्यंच म्हणायचा, बाळाच्या कानाशी, झुलवत झुलवत. एका दुपारी ते दारातलं वाक्य आलं. "जा. पण परत ह्या दारात पाय ठेवू नगंस."

मेथी निवडत बसलेल्या वहिनी उठून दाराशी आल्या.

"पुन्हा म्हणा बरं."

त्यानं म्हटलं.

"आवं, मी हे नाटक कितींदा बघितलंय. मला वाटायचं, ह्यो बाप रागावलाय," वहिनी म्हणाल्या. "ह्यो तर भ्यालाय. पोरगं परत यायचं न्हाई म्हणून भ्यालाय."

खाटेवरून संयोगिता म्हणाली, "मला तर म्हाईतच हाय. दादा, माझ्या पाठवणीच्या येळंला तुमी मांडववाल्यावर असंच खेकसत हुता."

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्या झाल्या तो गाडी काढून थेट नाथाजींकडं गेला. तेच नाटक पुन्हा करायचं, म्हणाला.

सोपं नव्हतं. हळू बोललं तर ऐकू जात नव्हतं, आणि ऐकू जावं म्हणून जोर लावला की जुनी गर्जना परत यायची. नाथाजी हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि शब्द गिळला गेला की हात वर करायचे. पहिले काही आठवडे हात वरच असायचा. आकाराम चिडायचा नाही. दम कुठं घ्यायचा, कुठला शब्द सावकाश ठेवायचा, हे तो प्रेसवर उभा असतानाही पुटपुटत राहायचा.

स्पर्धा सांगलीला होती. तो प्रसंग आला तेव्हा आकाराम दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. प्रेक्षकांकडं त्यानं बघितलंच नाही. पोराच्या हातातल्या बॅगेकडं बघत, जवळजवळ विनवल्यासारखं, ते वाक्य त्यानं म्हटलं. टाळी पडली नाही. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मला तिथं अंधार करायचा होता, ते मी विसरलो.

बक्षीस मिळालं नाही. आवाज कमी पडला, असं एका परीक्षकाचं मत पडलं. नाथाजी भडकले. आकाराम मात्र पोट धरून हसला. आयुष्यात त्याला हे कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

मेकअप उतरवत असताना एक मुलगी आत आली.

"काका, ओळखलंत का?"

"व्हय. क्रांती न्हवं?"

ती सांगलीतल्याच विश्रामबागची. आईला घेऊन नाटक बघायला आली होती. आता ती स्वतःचा कमी पैशांतला सिनेमा करत होती. सासरी जाच होणाऱ्या लेकीला परत घेऊन येणारा बाप तिला हवा होता.

"माझं तितं काय झालं, ते तुमी बघितलंय की," आकाराम म्हणाला.

"बघितलंय. आणि आजचंही बघितलंय."

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर शूटिंग झालं. बाप-लेक बाकावर बसलेत. गाडीला वेळ आहे. बाप विचारतो, "च्या घेतीस?" लेक मान हलवते. तो उठतो, दोन पावलं जातो आणि परत येऊन तिच्या बॅगेशेजारी बसतो. बस्स. पहिल्याच टेकला क्रांतीनं पुढचा शॉट लावायला सांगितला.

सिनेमा आठवडाभर काही थिएटरांत चालला, पण नंतर मोबाइलवर पुष्कळांनी बघितला. आकारामला फोन यायला लागले. कुठं सरपंच, कुठं मास्तर, एकदा ट्रॅक्टरची जाहिरात. पाळ्या बदलून, रजा जुळवून तो कामं करत राहिला. यंदा मात्र एका मालिकेत त्याला मोठी भूमिका मिळाली. महिन्यातले वीस दिवस साताऱ्यात राहावं लागणार होतं आणि नोकरी धरून ते जमणारं नव्हतं. तो बरेच दिवस घोळ घालत बसला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आता पोरीचं झालंय, घर हाय. कवा करणार मग?"

त्यानं राजीनामा दिला. साताऱ्यात खोली बघायला दोघं बरोबर गेले. वहिनींनी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, आकाराम तोवर खिडकीत बसून वाक्यं पाठ करत होता.

रविवारी सांगलीला तालीम असते, तेवढी सुट्टी लागेल, असं त्यानं मालिकावाल्यांना पहिल्याच भेटीत सांगितलंय. नाथाजींच्या नव्या नाटकात तो गावभर लग्नं जुळवत फिरणारा थापाड्या आहे. परवाच्या तालमीत त्यानं असं काही केलं, की नाथाजींना हसता हसता ठसका लागला.