टेलवाली आत्याबाई

आत्याबाईला ‘वंचित’ म्हटलेलं खपायचं नाही. कोणी शिवी दिली तर ती हसत हसत दुप्पट परत करायची. पण हा शब्द कानावर पडला की चुलीवरचं सोडून उठायची. दिघोरीकडचं आमचं गावच तिचं माहेर आणि सासरही. नवरा गेल्यावर शेती एकटीच पाहायची. तिच्या धानाच्या बांध्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, अगदी शेवटी, टेलवर, म्हणून ती टेलवाली आत्याबाई.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या एका पेपरला गावच्या बातम्या पाठवायचो. त्या वर्षी ऐन धान गर्भात असताना टेलपर्यंत पाणीच येईना. मी लिहिलं, ‘टेलचे शेतकरी पाण्यापासून वंचित’. सकाळी पेपर घेऊन ही दारात हजर!

“वंचित म्हंजे काय रे बाबू? पानी का आमच्यावर रुसून बसलं? अडवनाऱ्याचं नाव काहून नाही लिवलं?”

“आत्याबाई, बातमीत असंच लिवतेत.”

“मंग अडवनारा साव होऊन फिरते ना!”

नहरात मातीची पोती कोणी टाकली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वरच्या अंगाला शेत असलेल्या तिच्या सख्ख्या धाकट्या भावानं. तिनं त्याला घरी जाऊन समजावलं होतं. तो ‘पाहू, पाहू’ म्हणत राहिला आणि इकडे बांध्यांना भेगा पडल्या.

ग्रामसभेत पाटबंधारे खात्याचे साहेब वंचितांना न्याय देण्यावर बोलायला लागले, तशी ती उभी राहिली. “साहेब, वंचित-फिंचित राहू द्या. पानी माह्या भावानं अडवलं. हा बसला समोर.”

सगळ्यांच्या माना भावाकडे वळल्या. मला मात्र तिचा भारी अभिमान वाटला. संध्याकाळी पोती निघाली आणि टेलचं धान वाचलं.

भाऊबीजेला तिनं पाट मांडला. भाऊ आला नाही. मग ताट घेऊन तीच त्याच्या घरी गेली. तो आतल्या खोलीतून बाहेर निघाला नाही. परत येताना मला रस्त्यात भेटली. मी म्हटलं, “आत्याबाई, पान्यापायी भावाले मुकली तू.”

तिनं पदरानं डोळे पुसले.

“मुकली नाही रे, ते तुह्या ‘वंचित’सारखंच झालं. मीनं तोडलं. चार लोकांत मीनंच त्याचं नाव घेतलं, तेही तसंच सांगाव.” मग ताट सावरत म्हणाली, “अन् पुन्हा अडवलं, तं पुन्हा नाव घेईन.”