जुळवून सांगू नका, विहीणबाई

जवळ सरक, सुमे. तू पुण्यात आणि मी न्हावऱ्यात, तरीपण सरक, कारण मला तुझा कान धरायचाय. काल मोबाइलवर काय पाठवलंस मला? कांद्याची साल उशाशी ठेवली की गुडघे दुखायचे थांबतात! अगं, तुझी मावशी जन्मभर कांद्यातच उभी आहे. साल माझ्या उशाशी असते, पायाशी असते, केसांतसुद्धा सापडते, आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत. हे कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, काही विचारायची पद्धत? तुला महिनाभर माझ्या व्याह्यांच्या हाताखाली ठेवायला पाहिजे. त्यांच्याइतका संशयी माणूस भीमेच्या अल्याड-पल्याड आजवर झालेला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं तर म्हणाले, “आसंल. पर आजून कुणाकुणाला इचारलं तुम्ही?”

व्याही म्हणजे आमच्या सूनबाईचे वडील, दौंडचे. ख्रिस्ती माणूस. उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेली. तिथं म्हणे फोनवर कुणी ‘गाडी सुटली’ म्हटलं की ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचं, मगच सिग्नलचा दांडा ओढायचा. नोकरी संपली, पण दांडा काही हातातून सुटला नाही. मनगटाला घड्याळ असून रस्त्यानं जाणाऱ्याला वेळ विचारतात, आणि त्यानं सांगितली की पुढच्यालाही विचारतात. शिरूरच्या स्टँडवर न्हावऱ्याची गाडी कोणती हे आधी खिडकीत विचारणार, मग कंडक्टरला, मग शेंगदाणेवाल्याला, मग गाडीत बसलेल्या म्हातारीला. तोवर गाडी निघून जाते. एकदा असेच उन्हात तापून दुपारी उशिरा आमच्या अंगणात उगवले. मी म्हटलं, “गाडी चुकली का?” तर समाधानानं म्हणाले, “चुकली, पर तीच व्हती ह्याची खात्री झाली.” डॉक्टरनं साखर वाढलीय सांगितलं तर तीन ठिकाणी रक्त देऊन आले. तिन्ही आकडे थोडे थोडे वेगळे, पण वाढलेलेच निघाले, तेव्हा कुठं हातातला पेढा खाली ठेवला.

आणि असा हा माणूस रोज पहाटे आंघोळ करून, चष्मा पुसून, बायबल उघडून बसतो आणि त्यातल्या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवतो! मला ह्याचं भारी नवल वाटायचं. ते कोडं कसं सुटलं ते ऐक, कारण त्या दिवशी आपल्या पोराचं लग्न मोडतच आलं होतं.

पोरगा आणि सूनबाई रांजणगावला एकाच कंपनीत. एकाच शिफ्टला, एकाच कंपनीच्या बसनं जायचे, त्यामुळं पुढचं काही सांगायला नको. तिनं दौंडला घरी सांगितलं, ह्यानं इथं. जात सोड, इथं देवापासूनच वेगळं. आमच्याकडं थोडी आदळआपट झाली, त्यांच्याकडंही झाली असेल. शेवटी ती पोरगी म्हणाली, “पप्पा, तुम्ही जाऊन बघा. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर मी नाव काढणार नाही.” आणि ती शब्दाची पक्की, हे आपला पोरगा ओळखून होता. त्यामुळं त्याचा जीव टांगणीला.

आता आपल्याकडं सोयरीक ठरवायच्या आधी गावात न सांगता येऊन चौकशी करतात, तू जाणतेसच. पण आमच्या धाकट्या दिरांना कुठून तरी सुगावा लागला, आणि त्यांनी अतिहुशारी केली. चहावाला, डेअरीवाला आणि गिरणीवाला, तिघांनाही पढवून ठेवलं. पाव्हणे उतरले. चहावाला म्हणाला, “पोरगं सोन्यासारखं, घर देवासारखं, सुपारीचं खांड खात न्हाईत.” डेअरीवाला म्हणाला, “पोरगं सोन्यासारखं, घर देवासारखं, सुपारीचं खांड खात न्हाईत.” गिरणीवाल्याच्या जात्याचा एवढा आवाज, पण तोही ओरडून तेच म्हणाला, आणि वर विचारता झाला, “बरोबर म्हणलो न्हवं?”

आमच्या अंगणात आले तेच टोपी न काढता. मी चहा पुढं केला तर कपाला बोट लावलं नाही. म्हणाले, “बाई, माणसं वाईट आसतील आसं म्या म्हणत न्हाई. पर तीन तोंडं आन् एकच वाक्य? हे ठरवून सांगितल्यालं हाय. ठरवून का सांगत्यात, तर काहीतरी झाकायचं आसतंय. येतो म्या.” आणि खरंच उठले की! पोरगा गोठ्याच्या दाराशी पांढराफटक उभा. दीर जमीन बघत होते. आमचे हे, नेहमीसारखे, ऐन वेळेला मुके.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. माझी चुलत जाऊ. बांधाच्या भांडणापायी ती आमच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हती, म्हणून दिरांनी तिला पढवायचा प्रश्नच नव्हता. पदर खोचून तिनं सुरुवात केली, “पाव्हणं, हिकडं या, म्या सांगते ह्यांचं. पोराचा बाप मुखदुर्बळ, आय तोंडाळ.” आय म्हणजे मी. “आन् ह्या पोरानं मोटरसायकल घालून माझ्या शेळीचा पाय मोडला! काळीभोर शेळी माझी, दुभती!”

मला राहवेना. मी म्हटलं, “शेळी कुठली, करडू व्हतं. आन् तांबडं व्हतं.”

“काळं! माझी शेळी मला म्हाईत न्हाई व्हय? आन् पळून गेलं त्ये पोरगं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन हुबं, ‘काकी, म्या मोडला’ म्हणून.”

आता आमच्या मुक्यांना कंठ फुटला. “दुसऱ्या दिवशी न्हाई, त्याच सांजंला गेला व्हता.”

“सकाळी!”

“सांजंला!”

“कवा का आसंना,” जाऊ म्हणाली, “पर सोताच्या तोंडानं कबूल झालं, ह्ये खोटं कशाला बोलू? पाय बरा हुईस्तवर रोज पट्टी बांधाया यायचं. ह्या तोंडाळ बाईच्या पोटी कसं काय जन्मलं, देव जाणं.”

एवढा वेळ व्याह्यांची मान शेळीसारखी इकडून तिकडं फिरत होती. आणि मग त्यांनी काय करावं? टोपी काढली, मांडीवर ठेवली, गार झालेला चहा एका घोटात प्याले आणि हसायला लागले. म्हणाले, “आता पटलं. शेळी का करडू, काळं का तांबडं, सकाळ का सांज, कायबी जुळंना. पर पाय मोडला, पोरगा आपल्या पायानं आला, आन् कबूल झाला, ह्यात तिघांचं येक. आन् सांगणारी तर वैरीण! पोरगी दिली.”

पोरगा गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडला. आणि मी, तोंडाळच ना, लगेच विचारलं, “व्याहीबुवा, तुम्ही येवढं चाळून घेणारं, मग त्या जुन्या पुस्तकावर कसा काय इस्वास ठेवता?”

“चाळूनच ठेवलाय,” ते म्हणाले. “विहीणबाई, आमच्या प्रभू येशूची गोष्ट चौघांनी लिहिलीया. थडग्यापाशी एक देवदूत व्हता म्हणून कुणी सांगतं, कुणी म्हणतं दोन. खोटं रचायचंच आसतं तर चौघांनी एके ठिकाणी बसून आधी त्येच जुळवलं आसतं, तुमच्या दिरांसारखं. पर थडगं रिकामं व्हतं, मेलेला प्रभू जिता उठला, ह्यात चौघं एक. दुसरं, पेत्र म्हंजी सगळ्या शिष्यांतला मोठा. प्रभूला शिपायांनी धरलं तवा त्यो घाबरला, ‘मी त्याला वळखत न्हाई’ म्हणाला, आन् कोंबडा आरवल्यावर रडला. पुढारी माणसाची आशी फजिती कुणी लिहून ठेवतं का? तुमच्या गावात सरपंचाची लिहून दाखवा बरं! आन् तिसरं, ते रिकामं थडगं पयलं कुणी बघितलं? बायकांनी. त्या पळत सांगाय आल्या तर बाप्यांना वाटलं, बडबड हाय. खोटी गोष्ट रचायची आसती तर त्या काळात बायकांना साक्षीला कोण उभं करील?”

हे मात्र मला फार पटलं. बायका खरं सांगतात आणि बाप्ये बडबड म्हणतात, एवढं तर मी कुठल्याही देवाच्या शपथेवर सांगीन. माझा खंडोबा माझ्यापाशी आणि त्यांचा प्रभू त्यांच्यापाशी, त्यात काही बदल झाला नाही. पण त्या पुस्तकाकडं बघायची माझी नजर बदलली. त्या दिवसापासून जाऊसुद्धा बोलायला लागली, कारण सोयरीक तिच्यामुळं जमली असं ती सगळ्या गावाला सांगते. लग्नाला दौंडच्या चर्चमध्ये आमच्याच शेतातला झेंडू लागला होता, आठवतो ना? नातू झाला तेव्हा मी व्याह्यांना फोन केला, तर म्हणाले, “नर्सला द्या फोन.” मी म्हटलं तोंड आमच्या वळणावर गेलंय, आमचे हे म्हणाले तुमच्या. तेव्हा कुठं म्हणाले, “म्हंजी झाला खरा.”

एकच माणूस होतं ज्याचं बोलणं त्यांनी कधी चाळणीत घातलं नाही. त्यांची बायको, माझ्या विहीणबाई. त्या जितक्या भोळ्या तितके व्याही वाकडे. भाजीवाला ‘ताजी हाय’ म्हणाला की ताजी, भिकारी ‘उपाशी हाय’ म्हणाला की उपाशी. पण त्या म्हणाल्या ‘पाऊस येईल’ की व्याही मुकाट्यानं छत्री घ्यायचे, आभाळाकडंसुद्धा बघायचे नाहीत. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, “कुठंतरी दांडा खाली ठिवावा लागतोच की.”

गेल्या वर्षी त्या गेल्या, तुला कळवलं होतं.

आता व्याही अधूनमधून येतात, गाडी चुकवूनच येतात. अंगणात बसतात आणि म्हणतात, “ती पयल्यांदा हितं आली तवाचं सांगा.” मी म्हणते, हिरवं लुगडं नेसल्या होत्या आणि नाताळच्या करंज्या आणल्या होत्या. आमचे हे म्हणतात, लुगडं जांभळं होतं. जाऊ बांधावरून येऊन म्हणते, “करंज्या कुठल्या, चिवडा व्हता, आन् बाई दारातनं गातच आली व्हती.” भांडण लागतं. व्याही डोळे मिटून ऐकत बसतात. परवा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आमच्या भांडणाचा त्यांना त्रास होतोय. म्हणून भांडण मिटवायला मी म्हणाले, “आसंल बाई, जांभळंच आसंल.” तशी त्यांनी डोळे उघडले आणि मला रागावलेच. “जुळवून सांगू नका, विहीणबाई. तुम्हाला हिरवं दिसलं तर हिरवंच म्हणा. तुमचं जुळत न्हाई, म्हंजी ती खरंच हितं आली व्हती.” मग टोपीची कड चिमटीत फिरवू लागले. म्हणाले, “त्या बायका पहाटं थडग्यापाशी गेल्या आन् बघितलं त्ये सांगितलं. त्येंचं खरं हाय ह्ये म्या लई चाळून बघितलंय. त्येंचं खरं, तर मग येक दिवस आमच्या बाईचं थडगंबी...” मी चहा टाकायला उठले.

म्हणून म्हणते, सुमे, ये. लग्नाच्या वऱ्हाडात जीपमध्ये विहीणबाईंच्या शेजारी तूच बसली होतीस, दौंडपासून न्हावऱ्यापर्यंत. त्या वाटेत काय बोलल्या, काय हसल्या, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. आमच्या तिघांचं ऐकून झालंय त्यांचं, चौथं तोंड तुझं आहे. मला आधी फोन करून विचारू नकोस, जुळवूही नकोस, तुला दिसलं तेच सांग. व्याही पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून यायचेत, तू त्याच्या आत येऊन बस. आणि शिरूरच्या स्टँडवर न्हावऱ्याची गाडी कोणती ते बाई एकालाच विचार, आणि चढ.